उंबरठ्यावर थांबलेली माणसे

आपल्या वसई परिसरात आता असे घर विरळाच, की ज्याचे एखादे लेकरू परदेशात नाही. आधी आखाती देशांची वाट होती. मग कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा दूरच्या वाटा खुल्या झाल्या. अमेरिकेतून ‘ग्रीन कार्ड मिळाले’ असा निरोप आला, की घरी पेढे वाटले जातात आणि आभाराची मिस्सा सांगायला माणसे धर्मगुरूंच्या दारी येतात. तो आनंद रास्तच आहे. मात्र ग्रीन कार्ड मिळाले म्हणजे सर्व काही मिळाले, हा आपल्या भाविकांचा समज तितकासा खरा नाही. ग्रीन कार्ड हा कायम वास्तव्याचा परवाना आहे. ते नागरिकत्व नव्हे. दोहोंच्या मध्ये एक उंबरठा आहे आणि त्या उंबरठ्यावर कित्येक माणसे दहा-दहा, वीस-वीस वर्षे उभी आहेत.

परवानाधारक माणूस नोकरी करतो, घर घेतो, कर भरतो. पण ज्या शहरात तो कर भरतो, त्या शहराचा महापौर निवडण्याचा हक्क त्याला बहुतेक ठिकाणी नसतो. आईवडिलांना किंवा भावंडांना कायमचे बोलावून घेण्याचा अर्ज त्याला करता येत नाही. तो हक्क नागरिकाचा. आगाऊ परवानगीवाचून वर्षभराहून अधिक काळ तो मायदेशी राहिला, तर त्याचे कार्डच धोक्यात येते. साधारणतः पाच वर्षे, आणि नागरिकाशी विवाह करून एकत्र संसार असल्यास तीन वर्षे वास्तव्य झाले, की नागरिकत्वाचा अर्ज करण्याची पात्रता येते. तरीही अमेरिकी सरकारच्याच अंदाजानुसार अलीकडच्या वर्षांत सुमारे ९० लाख माणसे पात्र असूनही परवान्यावरच राहिली आहेत.

ही माणसे का थांबतात, हा प्रश्न मला २०२३ च्या उन्हाळ्यात प्रथम पडला. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील एका धर्मग्रामात, तेथील धर्मगुरू रजेवर असताना, मी चार महिने सेवा केली. क्वीन्स म्हणजे जगाचा बाजारच. एकाच रविवारी तीन-चार भाषांतून मिस्सा होतात आणि एकाच बाकावर चार खंडांतली माणसे गुडघे टेकतात. तेथे मला आपल्या बाजूच्या गावची एक मावशी भेटली. वय ७१. नणंदेने बोलावले म्हणून १९९८ मध्ये पती व मुलांसह आलेली. मुले यथावकाश नागरिक झाली, पती अर्ज करायचे म्हणता म्हणता देवाघरी गेले, आणि मावशी तेवढी परवान्यावर राहिली.

‘‘मावशी, तुम्ही अर्ज का नाही केला?’’ मी विचारले.

‘‘फादर, त्या साहेबापुढे बसून मला इंग्रजी बोलवेल का? पंचवीस वर्षे भांड्यांशी बोलले मी. भांडी मराठीच बोलतात.’’

त्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात राबल्या होत्या. विनोद झाला, आम्ही दोघे हसलो. पण त्या हसण्याखाली एक भीती होती. तिकडे नागरिकत्वासाठी मुलाखत द्यावी लागते, इंग्रजीचे एक वाक्य वाचून व एक लिहून दाखवावे लागते, आणि देशाचा इतिहास व राज्यकारभार यांवरील प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. त्या वेळी १०० प्रश्नांचा संच होता, त्यांतले १० पर्यंत विचारत आणि सहा बरोबर यावे लागत. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी हा संच १२८ प्रश्नांचा झाला आहे. विचारतात २० पर्यंत आणि बरोबर यावी लागतात १२. साहजिकच वडीलधाऱ्यांची छाती दडपते.

मावशींना जे ठाऊक नव्हते, ते कायद्यातच लिहिलेले आहे. पन्नाशी ओलांडलेल्या आणि परवान्यावर २० वर्षे काढलेल्या माणसाला, तसेच पंचावन्न ओलांडून १५ वर्षे काढलेल्याला, इंग्रजीची परीक्षा माफ आहे. तो आपल्या मातृभाषेतून, दुभाष्यामार्फत उत्तरे देऊ शकतो. पासष्टी गाठलेल्या आणि २० वर्षे राहिलेल्या माणसाला तर केवळ २० प्रश्नांचाच अभ्यास करावा लागतो. म्हणजे मावशींना मराठीतून परीक्षा देण्याचा हक्क कित्येक वर्षांपासून होता. कायदा होता, सवलत होती, हक्कदारही होता. या तिघांची गाठ घालून देणारे कोणी नव्हते.

येथेच आजच्या विषयाचे मर्म आहे. नागरिकत्व देणे हे केंद्र सरकारचे काम. महापौर किंवा नगरसेवक कोणाला नागरिक करू शकत नाही. पण केंद्र सरकार दूर असते आणि त्याच्या कार्यालयाच्या पायऱ्या उंच असतात. नगरपालिका मात्र शेजारी असते. तिचे ग्रंथालय कोपऱ्यावर असते, तिची शाळा गल्लीत असते. दार उघडणे जिच्या हाती नाही, ती दारापर्यंत हात धरून नेऊ शकते. आणि जी शहरे हे काम मनापासून करतात, तेथील अनुभव आपण जाणून घेण्याजोगा आहे.

क्वीन्सच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७७ पासून नव्याने आलेल्या लोकांसाठी स्वतंत्र विभाग चालवला आहे. पुस्तके अनेक भाषांत, इंग्रजीचे वर्ग विनामूल्य. शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने १९९७ मध्ये नागरिकत्वाच्या अर्जासाठी मोफत कायदेशीर मदतीचे केंद्र सुरू केले. लॉस एंजेलिस शहराने २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या नागरिकत्व खात्याशी करार करून आपल्या सर्व ७३ ग्रंथालयांत नागरिकत्वाचा एकेक कोपरा मांडला: अर्ज, प्रश्नसंच, माहितीपत्रके, आणि विचारायला एक माणूस. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क, शिकागो व लॉस एंजेलिस या तीन शहरांच्या महापौरांनी मिळून या कामासाठी शहरांचा एक संघ उभारला. पुढे त्यात अनेक गावे-शहरे सामील झाली.

जर्मनीतील हॅम्बुर्गचे उदाहरण मला अधिकच भावले. हे शहर स्वतःच एक राज्य असल्याने अर्ज तेथेच निकाली निघतात. २०११ च्या अखेरीपासून तेथील तत्कालीन महापौर ओलाफ शोल्झ यांनी, जे पुढे देशाचे चॅन्सेलर झाले, पात्र रहिवाशांना आपल्या सहीची पत्रे धाडण्यास आरंभ केला. अशी लाखाहून अधिक पत्रे गेली. आशय साधा होता: आपण या शहराचे आहात, आता या देशाचे नागरिकही व्हा. सोबत अर्जात मदत करणारे स्वयंसेवक दिले, आणि नव्या नागरिकांचा समारंभ नगरभवनाच्या भव्य दालनात होतो. वीस वर्षे ज्याला कचेऱ्यांतून केवळ नोटिसा आल्या, त्याच्या हाती एके दिवशी महापौरांचे आमंत्रण पडते. आपल्याकडे लग्नाचे बोलावणे छापील पत्रिकेने झाले तरी कोणीतरी घरी येऊन सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही. माणूस बोलावल्याने येतो, हे त्या महापौरांना उमगले असावे.

दुसरा अडसर पैशाचा. मी तेथे होतो तेव्हा अर्जाची फी ७२५ डॉलर होती. एप्रिल २०२४ पासून ती कागदी अर्जासाठी ७६० आणि संगणकावरून केलेल्या अर्जासाठी ७१० डॉलर ठरली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ३८० डॉलरची सवलतीची फी आहे आणि अगदीच गरिबाला पूर्ण माफीही आहे. पण तीही मागावी लागते, आणि ती मागता येते हे आधी कळावे लागते. न्यूयॉर्क राज्याच्या एका उपक्रमात २०१६ मध्ये चिठ्ठ्या टाकून काही अल्प उत्पन्नाच्या रहिवाशांची फी भरण्यात आली. ज्यांना चिठ्ठी लागली आणि ज्यांना लागली नाही, अशा दोन्ही गटांची अभ्यासकांनी तुलना केली. फीची सोय झालेल्यांनी खूपच मोठ्या प्रमाणात अर्ज केले. म्हणजे त्यांना नागरिक व्हायचेच नव्हते, असे नाही. त्यांच्या गाठीला पैसे नव्हते.

या संदर्भात मला प्रेषितांच्या कृत्यांतील एक प्रसंग आठवतो. येरुशलेमात संत पौलाला फटके मारण्यासाठी बांधले असता त्याने आपण रोमन नागरिक असल्याचे सांगितले, आणि फटक्यांची तयारी तत्काळ थांबली. त्याला पकडणाऱ्या सरदाराने तेच नागरिकत्व मोठी रक्कम मोजून मिळवले होते. पौलाला ते जन्मतःच लाभले होते. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो संवाद आजही चालू आहे. नागरिकत्व ही पाठीवरचे फटके थांबवणारी गोष्ट आहे, आणि ज्याला ती जन्माने मिळाली, त्याला तिची किंमत सहसा ठाऊक नसते.

शहरांच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. न्यूयॉर्कच्या नगरसभेने डिसेंबर २०२१ मध्ये परवानाधारकांना शहराच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क देणारा कायदा संमत केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, मतदान हा नागरिकांचाच हक्क आहे, असे सांगून तो रद्द ठरवला. मेरीलँडमधील टाकोमा पार्कसारख्या लहान गावांत असा हक्क १९९२ पासून आहे, कारण त्या राज्याचा कायदा निराळा. त्याच २०२५ साली केंद्र सरकारने शिकवणी वर्गांसाठी २००९ पासून चालू असलेले अनुदानही बंद केले. त्यामुळे ग्रंथालयांवर, नगरपालिकांवर आणि चर्चच्या सभागृहांवरचा भार वाढला आहे.

पुन्हा मावशींकडे वळू. धर्मग्रामातील एका परिचारिकेने त्यांना ग्रंथालयात नेले. तेथे शहराच्या खर्चाने ठराविक दिवशी एक वकीलबाई बसत. त्यांनी कागद पाहिले आणि एक अडचण काढली: आडनावाची अक्षरे पासपोर्टवर एक आणि ग्रीन कार्डवर दुसरी. आपली पोर्तुगीज आडनावे लिहिताना कारकुनांनी घातलेले घोळ आपल्याला नवे नाहीत! मी वसईला फोन करून त्यांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागवला, वकीलबाईंनी खुलासा लिहिला, फी माफीचा अर्जही सोबत जोडला. मग अभ्यास सुरू झाला. ध्वजावर पन्नास तारे का, राष्ट्राध्यक्षांची निवडणूक कोणत्या महिन्यात, ही उत्तरे मावशी रोझरीच्या मण्यांवर मोजून पाठ करीत.

सर्व जुळून आले तरी एका रात्री त्या माझ्याकडे आल्या. ‘‘फादर, तो निळा पासपोर्ट परत द्यायचा? आईबाप तिकडच्या मातीत आहेत. नवरा इकडच्या मातीत. मी कुठली?’’

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही नगरपालिकेच्या माहितीपत्रकात नसते. भारतीय कायद्यानुसार परदेशाचे नागरिकत्व घेताच भारताचे नागरिकत्व संपते आणि मतदारयादीतले नाव जाते. ओसीआय कार्ड मिळते. पण ते आजन्म येण्या-राहण्याची मुभा देते, मत देत नाही, आणि त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. मात्र वारसाने येणारी जमीन येते, आणि असलेली जातही नाही. सातबाऱ्यावरचे नाव पुसले जाईल, या धास्तीने आपली कितीतरी माणसे थांबलेली मी पाहिली आहेत. क्वीन्सच्या ग्रंथालयाला सातबारा ठाऊक असण्याचे कारण नाही. तेवढी माहिती आपणच आपल्या माणसांना पुरवली पाहिजे.

मावशींना मी निर्णय सांगितला नाही. तो त्यांचाच होता. एवढेच म्हणालो, की मावशी, कार्डाच्या धाकाने तुम्ही दरवर्षी दोन-तीन महिन्यांत वसईहून पळत परत येता. नागरिक झालात, ओसीआय घेतले, तर हवे तितके गावी राहू शकाल. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे अमेरिकन झाले, तर वसईत राहायला मिळणार! बघा देवाची करणी.’’

२०२४ च्या आरंभी त्यांनी शपथ घेतली. परीक्षा मराठीतून झाली. दुभाषी ती परिचारिकाच होती. त्या नोव्हेंबरात त्यांनी आयुष्यातले पहिले अमेरिकन मत दिले आणि डिसेंबरात गावी येऊन त्या सलग आठ महिने राहिल्या. निळा पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळाला. तो त्यांनी पतीच्या फोटोमागे ठेवला आहे.

हे सारे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांची मुले, जावई, वृद्ध भाऊबहिणी आज त्या उंबरठ्यावर आहेत. पुढच्या रविवारी फोन कराल, तेव्हा पगार आणि हवामान यांच्या जोडीला आणखी काही विचारा. कार्ड मिळून किती वर्षे झाली? जवळच्या ग्रंथालयात नागरिकत्वाचा वर्ग भरतो का? सर्व कागदांवर नावाची अक्षरे एकच आहेत का? नागरिक व्हायचे की नाही, हे त्यांनी प्रार्थनापूर्वक ठरवावे. कोणी सारासार विचार करून भारतीयच राहायचे ठरवले, तर तोही निर्णय आदरास पात्र आहे. पण केवळ भीतीपोटी, अज्ञानापोटी किंवा सातशे डॉलरपायी कोणी वीस वर्षे बाहेर उभे राहू नये. आणि ज्यांच्या नावांच्या अक्षरांत घोळ आहे, त्यांनी आपापल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात निःसंकोच यावे. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आम्ही त्यासाठीच जपल्या आहेत.