कंबर म्हणजे नेमकं कुठे?

आजीची कंबर चार वर्षं दुखत होती. म्हणजे आम्ही सगळे तसं म्हणत होतो.

साकोली तालुक्यातलं गाव, घरच्या धानाच्या बांध्या. चिखलात वाकून, मागे मागे सरकत रोवणी करण्यात तिचे पन्नासेक पावसाळे गेले. त्यामुळे कंबर धरली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. रोवणीवाल्या बाईची कंबर दुखणारच.

भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात मीच तिला घेऊन गेलो. एमआरआय झाला. मणक्यांमधल्या गाद्या झिजल्यात, नस दबलीय, असा रिपोर्ट आला. पट्टा, गोळ्या, दोन इंजेक्शनं. मी फोनवर रिपोर्ट झूम करून वाचायचो आणि घरात सगळ्यांना समजावून सांगायचो. फरक मात्र काहीच नाही. हळूहळू तिनं पाटावर बसणं सोडलं. पायाची नखं बहिणीकडून कापून घ्यायला लागली, कारण पाय जवळ ओढताच येईना. आम्ही त्याला म्हातारपण म्हणालो.

नागपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "आजी, एका बोटानं दाखवा, कुठं दुखतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग लुगड्यावरून बोट जांघेत टेकवलं.

डॉक्टरांनी तिला निजवलं, उजवा गुडघा वाकवला आणि पाऊल हळूच बाहेर नेलं. असं केलं की मांडी खुब्यात आतल्या बाजूला फिरते. आजी ओरडलीच. मग दोन्ही खुब्यांचा साधा एक्स-रे. डावीकडे गोळा आणि वाटी यांच्यामध्ये फट दिसत होती, उजवीकडे हाडाला हाड टेकलेलं.

खुबा झिजला की दुखणं बहुतेकदा जांघेत येतं, मांडीत उतरतं, कधी फक्त गुडघ्यातच जाणवतं. दबलेल्या नसेची कळ बऱ्याचदा कुल्ल्यातून निघून गुडघ्याच्या खाली पोटरीपर्यंत जाते. आणि म्हातारपणी दोन्ही एकत्र असू शकतात. कॅनडातल्या ऑफिएर्स्की आणि मॅकनॅब या डॉक्टरांनी १९८३ साली त्याला 'हिप-स्पाइन सिंड्रोम' असं नावही दिलं. आजीचा एमआरआय खोटा नव्हता, गाद्या झिजल्याच होत्या. पण पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासणाऱ्या २०१५ सालच्या एका आढाव्यात, ऐंशीच्या वयात ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात, असं निघालं. फोटोत झीज दिसली म्हणून दुखणं तिथलंच, असं होत नाही.

परतीच्या एसटीत मी जरा चिडूनच विचारलं, "चार वर्षं कंबर कंबर काऊन म्हणत होतीस?"

"मंग तुह्यासमोर जांघ म्हणू का मी, बाप्पा?"

दर वेळी सोबत मीच जायचो. तपासणीच्या खोलीतही मीच, डॉक्टरांना उत्तरं द्यायलाही मीच. तिला काही सांगायचं असेल तर तिनं ते कुणाला सांगायचं होतं?

सांधा बदलायचा सल्ला मिळालाय. आजी म्हणते, रोवणी झाल्यावर पाहू. तोवर वजन कमी पडावं म्हणून काठी, तीही डाव्या हातात, कारण दुखरा खुबा उजवा. हे तिला अजून पटत नाही. मी पाहत असलो की काठी डावीकडे असते. मागच्या दारानं बांधीकडे निघाली की उजवीकडे.

पुढच्या वेळी दवाखान्यात तिच्यासोबत बहीण जाणार आहे.