पाणी लहान होत नाही

अर्धापुरात माझ्या लेथवर दिवसा पंपांचे शाफ्ट आणि बुश येतात. केळीच्या बागांना पाण्याचा खाडा चालत नाही, म्हणून ते काम आधी. रात्री त्याच लेथवर बार्शी लाइट रेल्वेचं छोटं इंजिन आकार घेतं.

ही लाइन १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू झाली, १९११ साली लातूरला पोचली. ती उभारणारा अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याचा नियम असा की कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नको, मग हलके रूळही पुरतात. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या इंजिनाचं वजन सहा आसांवर वाटलेलं होतं. या विचाराबद्दल मला फार आदर आहे. रुळांमधली रुंदी अडीच फूट, म्हणजे ३० इंच. तिचा सहावा भाग बरोबर ५ इंच, आणि माणसं बसवून चालवायच्या छोट्या गाड्यांची ही जगभर रूढ रुंदी आहे. म्हणून मी एकास सहा प्रमाण धरलं.

लोखंड सहापट लहान करता येतं, पाणी नाही. बॉयलरमधलं पाणी २१६ पट घटतं, पण उष्णता बाहेर सोडणारा पत्रा ३६ पटच. म्हणून छोटं इंजिन लवकर निवतं. बॉयलरमधून धूर नेणाऱ्या नळ्या मूळ संख्येइतक्याच, पण बारीक करून बसवल्या तर काजळीने बुजतात. मग त्या मोजक्या आणि प्रमाणापेक्षा जाड घ्याव्या लागतात. पाण्याची पातळी दाखवणारी काच फार अरुंद केली तर आत पाणी चिकटून राहतं आणि पातळी खोटी दिसते. इथे मी प्रमाण मोडतो. हुबेहूबपणापेक्षा खरी पातळी मोलाची.

तांब्याच्या बॉयलरला चांदीचा डाख देतो. चाचणी थंड पाण्याने, नेहमीच्या दाबाच्या दुप्पट. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे जोड सुटला तर नुसती धार उडते. हवा भरून हीच चाचणी घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

छोटी रेल्वे नुसती पाहायची तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. सिग्नल, सांधे, गाड्यांची ये-जा तिथे डोळ्यांसमोर उलगडते. विजेवरच्या त्या गाड्या रेल्वेची वाहतूक शिकवतात. वाफेचं इंजिन तिचे कष्ट शिकवतं. लातूरला आता ब्रॉडगेज आहे आणि ती हवीच होती. तरी तिथे अशी पाच इंची लाइन व्हावी, मुलांनी कोळसा टाकावा, वाफेचा रेग्युलेटर स्वतः उघडावा. पाण्याच्या काचेवर नजर मात्र जाणत्याची हवी.