वाटेत उतरायचं राहूनच जातं

मैत्रिणींनो, प्रवासाला निघताना तुमच्या घरी काय बोलणं होतं? आमच्याकडे एकच प्रश्न असतो : "किती वाजता पोचणार?" वाटेत काय काय लागतं, कुठं घटकाभर उतरू या, हे कुणी विचारतच नाही.

माझं सासर भिवंडीचं, माहेर नाशिकचं. मधलं अंतर सुमारे १३० किलोमीटर. लग्नाला बारा वर्षं झाली. दिवाळी, मे महिना, अडीअडचणी धरून पन्नास वेळा तरी हा रस्ता पालथा घातला असेल. पण वाटेत उतरले म्हणाल, तर पेट्रोल भरायला!

ह्यांनाच बोल लावत नाही हं मी. भिवंडीतून बाहेर पडतानाच गोदामांच्या ट्रकांमागे तास मोडतो, मग तो भरून काढायची घाई. मीही शाळेतले माझे तास आटोपून, वह्यांचा गठ्ठा पिशवीत कोंबून निघालेली. "पुढच्या वेळी थांबू" हे शब्द माझ्याच तोंडचे.

ते सगळ्यांत जास्त वेळा ऐकले माझ्या आईनं. नाशिक आठेक किलोमीटरवर आलं की महामार्गालगत पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. आई शाळेत असताना तिथं सहलीला गेली होती. "एकदा नातीला घेऊन चढायचंय गं मला," असं ती दर खेपेला म्हणायची. मी म्हणायची, "पुढच्या वेळी नक्की." मग एका पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन घरात हिंडते. पण डॉक्टरांनी सांगितलंय, पायऱ्या चढायच्या नाहीत. आणि पांडवलेण्यांना तर दोनेकशे पायऱ्या! गुडघे आणि खुबे काही आपल्या पुढच्या वेळेसाठी थांबत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतरच्या दिवाळीत भाऊबीजेला निघायचं होतं. ह्यांनी आदल्या रात्रीच जाहीर केलं, "या वेळी समृद्धीनं जायचं. आमण्याला चढलो की पाऊण तासात इगतपुरी!" आमणे आमच्याच तालुक्यातलं. नागपूरपासूनच्या ७०१ किलोमीटरच्या त्या महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. इगतपुरीजवळ जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. डोंगराच्या पोटातून जायचं, घाटाची वळणंच नाहीत.

सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "म्हणजे आता घाटनदेवी लागायचीच नाही का रे?"

त्यांची थोरली बहीण नाशिकला. लग्न होऊन आल्यापासून त्या याच रस्त्यानं जातायत, आधी एस.टी.च्या खिडकीतून, मग आमच्या गाडीच्या काचेतून घाटनदेवीला हात जोडत. "थोरल्याच्या वेळी अडले होते, तेव्हा ओटी भरीन म्हटलं होतं. राहूनच गेलं," त्या म्हणाल्या. थोरले म्हणजे हेच! चाळीस वर्षं त्या पुढच्या वेळेची वाट बघत होत्या. आईची चूक मला पुन्हा करायची नव्हती. मी ह्यांना म्हटलं, "जाताना जुन्या रस्त्यानं, येताना तुमच्या समृद्धीनं." कुरकुर झाली, पण आईच्या ओटीपुढे काय बोलणार!

पहाटे साडेपाचला निघालो. आसनगाव-शहापूरच्या बाजूला आलो तेव्हा डावीकडे माहुलीचा किल्ला उन्हात उजळला होता. याच माहुलीवर १६३६ साली शहाजीराजांना वेढा पडला आणि किल्ला सोडावा लागला. लेकीला हे सांगून मी त्यातले दोन सुळके दाखवले. लोक त्यांना नवरा-नवरी म्हणतात. "शेजारी उभे आहेत, पण बोलत नाहीत," लेक म्हणाली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघंही हसलो. दहा मिनिटांचा चहा, पण गाडीतली कुरकुर तिथंच उतरली.

कसाऱ्याच्या पुढे घाट. १८६५ साली इथून आगगाडी वर चढली. चढ असा, की सदतीस फुटांमागे एक फूट! म्हणून बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात. घाट चढून इगतपुरीच्या अलीकडे घाटनदेवी. सासूबाईंनी घरूनच खण-नारळ आणला होता. ओटी भरून त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. ह्यांनी वेळ बघायला मोबाइल काढला आणि न बघताच खिशात ठेवला. नंतर आईचा हात धरून हेच त्यांना गाडीपर्यंत घेऊन आले.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी भाऊ आईला रिक्षातून घेऊन आला होता. दोघी विहिणी सावलीत बसल्या आणि आम्ही वर चढलो. इथं चोवीस लेणी आहेत. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत गौतमी बलश्रीचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू पुळुमावी राज्यावर असताना तिनं हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि आपल्या लेकाचं कौतुक दगडात कोरवून घेतलं. तो आईची सेवा करणारा होता, हेही त्यात आहे. एवढा मोठा राजा, पण ओळखला जातो आईच्या नावानं! हे वाचलं होतं मी बी.ए.ला, पण बघितलं आत्ता.

अनुभवानं शिकलेल्या दोन गोष्टी सांगते. एका प्रवासात तीनच थांबे ठरवा. जास्त केलेत तर दमणूक होते, आणि मग पुन्हा कुणी थांबायला तयार होत नाही. डब्याला धपाटे आणि कोरडी लसणाची चटणी बरी. सांडत नाही, दुपारपर्यंत टिकते. बायकांची खरी अडचण स्वच्छ स्वच्छतागृहाची. म्हणून मोठा पेट्रोलपंप दिसला की गरज नसली तरी उतरावं, म्हाताऱ्या माणसांना तर विचारूनच उतरवावं. त्या संकोचापायी पाणीच पीत नाहीत. आणि चढायची जागा असेल तर ती सकाळीच उरका.

आम्ही खाली आलो तेव्हा लेक धावत आजीपाशी गेली. किती खांब, कुठं बुद्धाची मूर्ती, भिंतीवर कसली अक्षरं, सगळं एका दमात सांगू लागली. आईला ते सगळं पाठ होतं. तरी ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी विचारत होती, "हो का? मग पुढे काय होतं गं?" मी डब्यांची आवराआवर करायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

येताना समृद्धीनं आलो. पाऊण तासात आमणे. रस्ता झकास आहे, नाही कशाला म्हणू? आजारपणात, अडल्या वेळी तो देवासारखा धावून येईल. पण पुढच्या वेळी घरातून निघताना "किती वाजता पोचणार" याच्या आधी एकदा विचारा, "कुणाला कुठं उतरायचंय?" आधी म्हाताऱ्यांना विचारा. त्या आपणहून सांगत नाहीत.