उधारीची वही

खेड्यातले दुकान गिऱ्हाईक नसल्यामुळे बसते, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मोहल्ल्यात गेल्या काही वर्षांत तीन दुकाने बंद झाली. एक किराण्याचे, एक चप्पल-बुटांचे आणि एक बांगड्यांचे. तिन्ही दुकानांत शेवटच्या आठवड्यापर्यंत गिऱ्हाईक होते. माल जात होता, पण पैसा येत नव्हता. किराणावाल्या चाचांना आम्ही विचारले, एकूण येणे किती असेल? ते म्हणाले, "सर, लिखने को क्या है, सब याद है." त्यांचा इंतकाल झाला तेव्हा ती यादही त्यांच्याबरोबर गेली. मुलगा महिनाभर दारोदार फिरला. काहींनी आठवून पैसे दिले, काहींना आठवलेच नाही. आता तो मुलगा पुण्यात एका गोदामात काम करतो.

आम्ही म्हणजे इथल्या उर्दू शाळेतील तिघे शिक्षक. गाव लातूरकडचे, सोयाबीनच्या पट्ट्यातले. मोहल्ल्यात बागवान, आतार, मणियार, तांबोळी, पिंजारी अशी घरे आहेत. नावातच धंदा, आणि बहुतेकांचा धंदा आठवडी बाजाराला बांधलेला. शिक्षकांनी दुकानदारीत का पडावे, असे कोणी विचारले तर उत्तर हजेरीपटात आहे. एका ठरावीक वारी सहावी-सातवीच्या मुलींची हजेरी कमी लागायची. चौकशी केल्यावर कळले, त्या दिवशी कर्जाच्या गटाची बैठक आणि हप्त्याची वसुली असते. आई पैसे जमवायला चार घरे फिरते आणि थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळायला घरी राहते.

उधारीला आम्ही वाईट म्हणत नाही. आमच्याकडे ती नसती तर पावसाळ्यात निम्म्या घरांच्या चुली पेटल्या नसत्या. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास. ऊसतोडीला जाणारा मुकादमाकडून उचल घेऊन जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततो. मधले महिने तेल, साखर, चहापत्ती द्यायची कोणी? बँक देत नाही, किराणावाला देतो. मराठा शेतकरी असो, मातंग वस्तीतला मजूर असो की आमच्या मोहल्ल्यातील बेवा, सर्वांना तोच देतो. गावाच्या गरजेची अर्धी पेढी त्याच्या गल्ल्यावर चालते आणि त्याला मात्र तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याला पंधरा दिवसांत रोख मोजावी लागते.

यातला हिशेब बिकट आहे. साखरेच्या किलोमागे दुकानदाराला दोन रुपये सुटले असे धरा. कोणाची 500 रुपयांची उधारी बुडाली तर ती भरून काढायला त्याला 250 किलो, म्हणजे पाच पोती साखर विकावी लागेल. हे गणित आम्ही एकदा फळ्यावर मांडले, तेव्हा वर्गातला एक मुलगा एकदम गप्प झाला. त्याच्या वडिलांचे दुकान आहे.

आम्ही कामाला सुरुवात केली ती सूरह बकराच्या 282व्या आयतीपासून. कुरआनमधील ही सर्वांत मोठी आयत, आणि ती देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दल आहे. ठरावीक मुदतीचे कर्ज लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. आमचे पेशइमाम साहेब एका जुम्याला त्यावर बोलले. त्यांनी ज्या गोष्टीवर बोट ठेवले ती आमच्याही मनात पूर्वी आली नव्हती. मजकूर सांगायचा तो कर्ज घेणाऱ्याने, देणाऱ्याने नव्हे. आमच्याकडे नेमके उलटे चालते. दुकानदार आपल्या वहीत लिहितो आणि घेणारा वर्षभर मनात शंका बाळगतो की यात दोनाचे चार झाले असतील. मग द्यायची वेळ आली की भांडण.

म्हणून दोन वह्या झाल्या. एक दुकानात, एक गिऱ्हाईकाच्या घरी, दहा रुपयांची पॉकेट डायरी. माल घेतला की दोन्हीकडे नोंद, आणि घेणाऱ्याने तोंडाने रक्कम सांगायची. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी दर जुम्याला असरच्या नमाजनंतर मशिदीबाहेरच्या ओट्यावर आम्ही बसतो. आठवडाभराचे येणे-देणे वाचून दाखवतो, जुळवतो, अंगठा घेतो. पहिले दोन महिने लोकांना राग आला. "आमच्यावर भरवसा नाही का?" हा प्रश्न तर रोजचा. पेशइमाम साहेब शांतपणे म्हणायचे की, ही आयत ईमानवाल्यांना उद्देशून आहे, चोरांना नव्हे.

वह्यांची भाषा हा एक मजेचा भाग आहे. काही वह्या उर्दूत आहेत, काही मराठीत. उर्दू वहीत नाव उजवीकडून लिहायचे आणि आकडा डावीकडून. मोठी माणसे तिथे अडखळतात, आमची पाचवीची पोरे सरसर लिहून जातात. आता काही घरांत मुलगीच मुनीम आहे.

वही झाल्यावर दुसरा एक प्रश्न आपोआप पुढे आला. जकातीचा. व्यापारी मालावर जकात आहे, चाळिसावा हिस्सा. पण दुकानात माल किती, येणे किती, देणे किती, हेच माहीत नसेल तर चाळिसावा हिस्सा कशाचा काढणार? बहुतेक जण रमजानमध्ये अंदाजाने काही रक्कम काढत. आता शाबानमध्ये माल मोजला जातो. एका दुकानदाराने विचारले, गरिबाकडची बुडीत उधारी सोडून दिली तर ती जकातीत धरता येईल का? पेशइमाम साहेबांनी सांगितले की बहुतेक उलेमा याला मान्यता देत नाहीत. जकात गरिबाच्या हातात, त्याच्या मालकीची करून द्यावी लागते. त्यानंतर त्याने आपल्या खुशीने त्यातून देणे फेडले तर हरकत नाही. शिवाय जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात अडकलेला माणूस आहेच. हे ऐकून त्या दुकानदाराने दोन घरांना जकात हातात नेऊन दिली. एका घराने त्यातून उधारी फेडली, दुसऱ्याने आजारपणाची औषधे आणली. दुकानदार काही बोलला नाही. बोलणे त्याच्या हक्कातही नव्हते.

आता त्या हप्त्यांविषयी. शिवणकाम करणाऱ्या एका भाभींचे कार्ड आम्ही नाव झाकून सातवीच्या वर्गात नेले, कारण धडा सरळव्याजाचा होता. कर्ज 30,000. फी आणि विमा कापून हातात आले 29,400. दर आठवड्याला 650 रुपये, 52 आठवडे. मुलांनी गुणाकार केला, 33,800 झाले. म्हणजे 30,000वर 3,800, शेकडा साडेबाराच्या आसपास. "सर, हे तर ठीक आहे," मुले म्हणाली. मग आम्ही विचारले, सहा महिन्यांनी भाभींकडे त्या कर्जातले किती रुपये उरलेले असतात? निम्मे. मग वर्षभर सरासरी किती रक्कम वापरायला मिळाली? पंधरा हजारांच्या आसपास. आता कापलेले 600 धरून दर काढा. पंचविसाच्या पुढे गेला. वर्गात एक मुलगी मान खाली घालून वहीत रेघा ओढत होती. कार्ड तिच्या आईचे नव्हते, पण तसेच एक तिच्याही घरी असावे.

सूद हराम आहे, एवढे सांगून आमचे काम संपत नाही. हे भाभींनाही माहीत होते. नवऱ्याचे ऑपरेशन होते आणि त्या आठवड्यात दारात येऊन पैसे देणारी तीच एक कंपनी होती. जुम्याच्या बयानात सुदाची निंदा ऐकून घरी येणारा माणूस बायकोच्या हप्त्याबद्दल बोलत नाही, हे आम्ही पाहिले आहे. निंदा करायची तर शेजारी पर्यायही ठेवावा लागतो.

पर्याय जुनाच आहे, कर्जे हसना. देवबंदला 1961 साली मुस्लिम फंड उभा राहिला आणि दागिन्यांच्या तारणावर बिनव्याजी कर्जे देऊ लागला. आमची ऐपत तेवढी नाही. आम्ही तिघांनी आणि आणखी आठ घरांनी मिळून एक पेटी केली. तिच्यात जकातीचा पैसा घालत नाही. तो कर्ज म्हणून फिरवण्याबाबत मतभेद आहेत, त्यामुळे फक्त अतिया घेतो. जास्तीत जास्त 10,000 रुपये, आणि तेही धंद्याच्या वस्तूसाठी. लग्नासाठी नाही. यावरून आम्हाला बरेच ऐकून घ्यावे लागते, पण यात आम्ही बदल केलेला नाही.

वस्तूच का, याचे उत्तर एका हदीसमध्ये आहे. मदत मागायला आलेल्या एका अन्सारी माणसाच्या घरात एक कांबळे आणि एक पेला एवढेच होते. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी ते दोन दिरहमला विकून दिले. एका दिरहमचे अन्न घरी पाठवायला सांगितले आणि दुसऱ्या दिरहमची कुऱ्हाड आणवून तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला. पंधरा दिवसांनी तो लाकडे विकून दहा दिरहम कमावून आला. आमच्या भाभींची कुऱ्हाड म्हणजे शिलाई मशीनची मोटार आणि पिकोचे मशीन. पायमशीनवर रात्री गुडघे धरायचे. आता फॉल-पिकोसाठी बायका मोहल्ल्याबाहेरूनही येतात. पहिले तीन महिने त्यांनी आमचे पैसे आधी की कंपनीचा हप्ता आधी, याची फार ओढाताण सोसली. आम्हीच म्हटले, हप्ता आधी भरा, आमची घाई नाही.

पेटीतून एका कुंभाराला गाढवासाठी आणि दोरखंड वळणाऱ्या एका मातंग कुटुंबालाही रक्कम दिली. दोघांनीही मुदतीच्या आत फेडली. पेटी फक्त आपल्यासाठी असावी, असे म्हणणारे दोघे-तिघे होते. पण बाजारात तेच कुंभार आणि तेच मातंग आमच्या दुकानांचे गिऱ्हाईक आहेत.

सरकारी योजनांविषयी थोडे सांगतो. सच्चर समितीने 2006च्या अहवालात दाखवले होते की मुस्लिमांमध्ये स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, पण बँकेच्या कर्जात त्यांचा वाटा कमी आहे. काही बँका मुस्लिम वस्त्यांना नकारात्मक क्षेत्र समजतात, हेही त्यात नोंदले आहे. मुद्रा योजनेत, 2015पासून, शिशु गटात 50,000पर्यंत विनातारण कर्ज आहे. त्यावर व्याज आहे, तेव्हा ज्याने त्याने उलेमांना विचारून ठरवावे. उद्यम नोंदणी मात्र प्रत्येकाने करून घ्यावी. ती आधार कार्डावर होते आणि फुकट आहे. तालुक्याच्या ठिकाणी तिचे पाचशे रुपये घेणारे बसले आहेत, त्यांच्याकडे जाऊ नये. शाळेच्या मोबाइलवर आम्ही ती करून देतो.

सध्या ओट्यावर एकच प्रकरण अडलेले आहे. कोंबडीच्या दुकानासाठी 8,000 घेतलेला एक तरुण 3,000 फेडून सोलापूरकडे निघून गेला. फोन उचलत नाही. पेटीतल्या काहींचे म्हणणे, त्याच्या वडिलांना धरा. 280वी आयत म्हणते की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले. पण तो अडचणीत आहे की नुसता टाळतो आहे, हे कळायला मार्ग नाही. सोडून द्यायचे पैसे आमच्या एकट्याचे नाहीत, अकरा घरांचे आहेत. मागच्या जुम्याला त्याची आई ओट्यावर आली, पदरातून 200 रुपये काढून ठेवले आणि म्हणाली, लिहा. आम्ही दोन्ही वह्यांत लिहिले. बाकी 4,800.