अहो, वर बघा!

डेनाली! अलास्काचं डेनाली राष्ट्रीय उद्यान! भेटेल त्याला सांगत सुटले आहे, पण मन भरत नाही. सिअ‍ॅटलच्या लेकीनं ऑगस्टअखेरची तिकिटं हातात ठेवली तेव्हा वाटलं होतं, बर्फ बघायचा, फोटो काढायचे, परत यायचं. फोटोत मावेल ते अलास्का कसलं! महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठा मुलूख आणि माणसं नाशिक शहराच्या निम्मी.

उत्साहाला सुरुवात झाली ती अँकरेजहून निघालेल्या रेल्वेतच. हरिकेन गल्चच्या पुलावर गाडीनं वेग उतरवला. खाली जवळपास तीनशे फूट दरी, आणि पूल १९२१ सालचा! ह्यांनी एरवी माथेरानच्या गाडीतही डुलकी काढली असती; इथं खिडकी सोडायला तयार नाहीत.

उद्यान केवढं? पुणे आणि कोल्हापूर हे दोन्ही जिल्हे आत मावून वर जागा उरेल. त्यात रस्ता एकच, सुमारे १४८ किलोमीटरचा आणि बहुतेक कच्चा. खासगी गाडी पहिल्या २४ किलोमीटरपर्यंत, पुढे उद्यानाची बस. मला हा नियम फार आवडला. (आपल्याकडे सिंहगडावर कोणी करेल का असं?) प्राणी दिसला की प्रवाशांनी ‘स्टॉप!’ ओरडायचं, की बस थांबते. शाळेच्या सहलीनंतर इतक्या मोकळ्या गळ्यानं मी ओरडलेच नव्हते!

आणि ओरडायला कारणं तरी किती! सगळा डोंगरउतार लाल, केशरी, पिवळा. झाडं नव्हेत, घोट्याएवढी झुडपं रंगलेली. इगलूच्या खिंडीत कड्यावर पांढरे ठिपके दिसले. दुर्बीण लावली तर ठिपक्यांना वळलेली शिंगं! ही डॉल मेंढरं. यांची बेसुमार शिकार थांबावी म्हणून १९१७ मध्ये हे उद्यान झालं. मग कॅरिबू, ज्यांच्यात माद्यांनाही शिंगं असतात. मग सेबल खिंडीत अस्वल! मादी, मागे दोन पिल्लं, आणि तिघांची ब्लूबेरीवर अशी बैठक जमलेली, की आमच्या बसकडे मान वर करून बघायचीही फुरसत नाही.

मध्येच स्प्रूसची झाडं वेडीवाकडी कललेली दिसली. जमिनीखालचा कायमचा गोठलेला थर वितळला की मुळांचा आधार सुटतो. २०२१ मध्ये प्रिटी रॉक्सपाशी असाच उतार घसरला आणि पुढचा रस्ता तुटला. म्हणून आमची बस ६९ व्या किलोमीटरच्या आसपास वळली. हळहळले, पण पाचच मिनिटं.

कारण परतीच्या वाटेवर तो दिसला, खुद्द डेनाली पर्वत. जाताना सगळं ढगाळ. शिखर दर तीन प्रवाशांत साधारण एकालाच दिसतं, म्हणून आम्ही आशा सोडलेली. प्रिमरोजच्या धारेजवळ मी ढगाखालचे सुळके न्याहाळत होते, यांतला कुठला असेल म्हणून. तेवढ्यात हे ओरडले, “अगं, तिथं नाही! ढगाच्या वर!” ज्या उंचीवर मी फक्त आभाळ गृहीत धरलं होतं तिथं पांढराशुभ्र पहाड उभा. शंभरेक किलोमीटर लांब असून इतका! उंची ६१९० मीटर. कळसूबाईवर कळसूबाई अशा तीन रचल्या तरी हजारभर मीटर उरतील. आणि पायथा इतका खाली, की त्यातले साडेपाच हजार मीटर सरळ डोळ्यांत भरतात. बसमध्ये कल्ला उडाला. एका जपानी आजींनी माझा हात धरला तो सोडेचनात.

दुसऱ्या दिवशी वनरक्षकांची कुत्री पाहिली. मूळच्या संरक्षित रानात इंजिनाला मज्जाव, म्हणून हिवाळ्यात गस्त या कुत्र्यांनी ओढलेल्या बर्फगाडीवर. ह्यांना आता हिवाळ्यातही यायचंय. मला जूनमध्ये, मध्यरात्रीच्या उजेडात. वाद चालू आहे. तुम्ही जाणार असाल तर बसच्या रांगेत लवकर उभे राहा आणि जाताना ड्रायव्हरच्या बाजूची, म्हणजे डावीकडची खिडकी धरा.