वेरूळला जायचे, तर धार कोण काढणार?

पेरणी कधी करावी, फवारणी कधी करावी, हे लोकांना सांगण्यात माझी पंचवीसेक वर्षे गेली. बी.एस्सी. अ‍ॅग्री.ची पदवी भिंतीवर टांगलेली आहे. असा मी 2011 सालच्या जानेवारीत आईला वेरूळची लेणी दाखवायला नेले, ते नेमके मंगळवारी! सोमवारी गावचा बाजार, म्हणून मंगळवार धरला, एवढाच माझा विचार. मंगळवारी वेरूळ बंद असते, हे फाटकापाशी गेल्यावर कळले.

त्या दिवसासाठी आईने आयुष्यात पहिल्यांदाच धार शेजारणीवर सोपवली होती. ती मला काही बोलली नाही. जवळच घृष्णेश्वर आहे, तिथे दर्शन घेतले. "देव तर भेटला," म्हणाली आणि झाडाखाली बसून शिदोरी सोडली. पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ म्हणता म्हणता 2013 मध्ये ती गेली. ते फाटक मला अजून दिसते.

पुढे शेतकऱ्यांच्या सहली मी कितीतरी नेल्या. गाडीत सगळे पुरुषच. बायका का येत नाहीत, हे मी कधी विचारले नाही. 2023 च्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या वहिनी सहज म्हणाल्या, "भावजी, कैलास लेणं म्हणजे नेमकं काय असतं हो?" साठीला आलेली बाई, वेरूळ एका दिवसात जाऊन येण्याजोगे, आणि पाहिलेले नाही. मी उत्साहाने एसटीच्या वेळा काढू लागलो, तर म्हणाल्या, "गाडीचं मागून बघा. आधी गोठ्याचं बघा. धार कोण काढणार?"

मग गोठ्यापासूनच हिशेब मांडला. म्हैस एप्रिलच्या मध्याला भरवलेली. गाभणकाळ साधारण 310 दिवसांचा, म्हणजे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात विणार. विण्याआधी दोन महिने आटवायची, म्हणजे नाताळानंतर धारच नाही! तोवर कापसाची शेवटची वेचणी होते, तूर खळ्यावर येते. हरभऱ्याच्या पाण्याचे पुतण्याने अंगावर घेतले. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, रविवारी गर्दी. म्हणून गुरुवार, 11 जानेवारी 2024 ठरला. अजिंठाही त्याच दिवशी उरकू, असा दादांचा आग्रह होता. तो मी मोडून काढला. अजिंठा संभाजीनगरच्या दुसऱ्या अंगाला, शंभरेक किलोमीटरवर आहे. एका दिवसात दोन्ही म्हणजे दोन्हीकडे नुसते फाटक पाहून येणे.

एसटीत बायकांना 2023 च्या मार्चपासून अर्धे तिकीट आहे. वहिनींनी कंडक्टरला दोनदा विचारून खात्री करून घेतली. वेरूळला एकंदर 34 लेणी. बौद्ध, हिंदू आणि जैन, एकाच डोंगराच्या रांगेत. सगळी पाहायचा हट्ट धरला नाही. सकाळी दहावे बौद्ध लेणे पाहिले. त्याच्या छताला दगडातच कोरलेल्या फासळ्या आहेत, अगदी लाकडी आढ्यासारख्या. कैलास मुद्दाम दुपारसाठी ठेवले, कारण लेण्यांची तोंडे पश्चिमेला आहेत आणि दुपारनंतर ऊन समोरून पडते.

कैलासाच्या अंगणात वहिनी बराच वेळ उभ्या राहिल्या. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे काम झाले. देऊळ बांधलेले नाही, अखंड डोंगर वरून खाली कोरत आणले आहे. त्यासाठी दोन लाख टन दगड काढला असावा असा अंदाज सांगतात. हे सगळे मी सभेत बोलतो तसे सांगून टाकले. वहिनी हत्तींच्या रांगेकडे पाहत होत्या. 1987 मध्ये आमची विहीर खणली, तेव्हा नव्या नवरीच्या हिरव्या चुड्यासकट त्यांनी डोक्यावरून गाळ-दगडाच्या पाट्या वाहिल्या होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "एवढा दगड काढला, तो टाकला कुठं? आणि वाहिला कुणी?"

मी गप्प राहिलो. दादा चहाला चला म्हणत होते. वहिनी मात्र पदर खोचून बाजूच्या वाटेने डोंगरावर चढू लागल्या. वरून पाहायचे होते त्यांना.