आत्याचे डोळे

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, पण स्वतःचीच चूक लिहायची म्हणजे हात मागे येतो.

माझी आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात एकटी राहते. वय ७७. मी पुण्यात. दर रविवारी फोन ठरलेला. "डोळे बरे आहेत ना गं?" "बरे आहेत रे, वयाप्रमाणे व्हायचंच." झालं, माझं कर्तव्य संपलं!

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान कार्ड देणं सुरू केलं. रुग्णालयात दाखल झाल्यास वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. म्हटलं, आत्याचंही काढून टाकू. केंद्रावर गेलो, तर अंगठाच जुळेना. जन्मभर भांगलण केलेली, भांडी घासलेली बोटं... रेषा राहिल्या होत्याच कुठे? ओटीपी जात होता आतोबांच्या नंबरवर. ते जाऊन तीन वर्षं झाली, सिमही बंद. शेवटी चेहरा दाखवून जमवायचं ठरलं. मोबाइल सांगत होता, डोळे मिचकवा. आणि आत्या विचारत होती, "कुठं बघू रे?"

फोन तिच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर होता.

कार्ड मिळालं, पण माझा आनंद तिथेच संपला. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजवा तर पूर्ण पिकलेला.

आता गंमत बघा. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचं तिकीटही नाही. म्हणजे पैशांचा प्रश्न नव्हताच. मग ही बाई थांबली का?

रात्री जेवताना हळूहळू बोलली. एसटीची पहिली पायरी गुडघ्यांना झेपत नाही. दवाखान्यात केसपेपर एका खिडकीवर, डॉक्टर दुसरीकडे, आणि पाट्या तर दिसत नाहीत. एकदा गेली होती, तर "सोबत कोणाला तरी घेऊन या" म्हणून परत पाठवलं. शिवाय ऑपरेशननंतर महिनाभर डोळ्यांत थेंब घालायचे. "माझा हात थरथरतो, थेंब गालावर पडतो. रोज कोणाला हाका मारू? शेजारची सून पहाटे रानात जाते. तुम्हाला नोकऱ्या."

म्हणून ती दर रविवारी मला "बरे आहेत" सांगत होती. आणि मी तरी विचारत कसं होतो? "बरे आहेत ना?" त्या 'ना'मध्येच उत्तर भरून ठेवलेलं होतं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. जेमतेम वीस मिनिटं लागली. नंतर महिनाभर ती आमच्याकडे होती. सकाळचे थेंब मी घालायचो, दुपारचे बायको, रात्रीचे मुलगी. आता गावी परतली आहे, तांदूळ स्वतः निवडते.

डावा डोळा राहिलाय. परवा म्हणाली, "एकावर भागतंय की रे." यावेळी मी विचारलं नाही. तारीख घेतली, रजा टाकली आणि तिला फक्त कळवलं. थोडी रागावली, पण पिशवी भरून ठेवली आहे म्हणे!

असो. तुमच्याही घरी असं कोणी असेल. पुढच्या फोनवर "बरी आहेस ना?" ऐवजी "दवाखान्यात शेवटची कधी गेलीस, आणि कोणाबरोबर?" असं विचारून बघा.